येतो हं, दार लावून घ्या

माझा आवाज चांगला आहे, असं मला आयुष्यात एकाच बाईंनी सांगितलं आहे. त्या दातांच्या डॉक्टर होत्या, आणि दाढ काढण्याआधीच्या इंजेक्शनने माझी जीभ इतकी बधिर झाली होती, की मी नेमकं काय बोललो ते त्यांना कळलंच नव्हतं. (बायकोचं म्हणणं, म्हणूनच चांगला वाटला असेल.) पण माणूस अशा एखाद्या प्रशस्तिपत्रकावर वर्षानुवर्षं जगतो. त्यामुळे कंपनीच्या माणसाने जेव्हा विचारलं, "साहेब, डबीत आवाज कुणाचा ठेवायचा? आमच्या मॅडमचा तयार आहे, नाहीतर घरच्यांपैकी कुणाचाही भरता येतो," तेव्हा मी क्षणाचाही विचार न करता म्हणालो, "माझा!" मॅडमचा ठेवला असता, तर आज हे सांगत बसायची वेळ आली नसती.

डबी कशासाठी, ते आधी सांगतो. माझे वडील टेलिफोन एक्स्चेंजमधून सुपरवायझर म्हणून निवृत्त झाले. चौतीस वर्षं कानाला हेडफोन लावून त्यांनी अख्ख्या शहराची बोलणी जोडून दिली. माणसं ते चेहऱ्याने ओळखतच नसत, आवाजाने ओळखत. रस्त्यात कुणी हात केला तर कोऱ्या चेहऱ्याने बघत राहायचे, आणि तो माणूस नुसतं "काय साहेब?" म्हणाला, की लगेच, "अरे, दोनशे सोळा! कसे आहात?" माझ्या मोठ्या बहिणीला, म्हणजे ताईला, ते 'मेन लाइन' म्हणत आणि मला 'एक्स्टेंशन'. (यात आपला अपमान आहे, हे मला कॉलेजात गेल्यावर कळलं.)

गेल्या अडीच वर्षांत बाबांना विसरायला झालं. डॉक्टरांनी त्याला डिमेन्शिया असं नाव दिलं, म्हणजे आमच्या हातात निदान एक नाव तरी आलं. आधी तारखा गेल्या. मग आई आता नाही, हे गेलं. मग चेहरे जायला लागले, आणि त्यात माझा नंबर पहिला. मी समोर जाऊन उभा राहिलो की, "कोण हवंय आपल्याला?" पण स्वयंपाकघरातून मी नुसतं "बाबा, चहा घेणार?" म्हटलं, की बाहेरून बिनचूक उत्तर यायचं, "घेतो रे, साखर बेताची." चेहरा गेला होता, आवाज राहिला होता. त्यांच्या लेखी माझं म्हणून तेवढंच उरलं होतं. खरं सांगतो, त्या एका 'रे'साठी मी घरात उगाचच दुसऱ्या खोलीतून बोलायचो.

तशात बाबा दोनदा घराबाहेर निघून गेले. पहिल्यांदा झेरॉक्सच्या दुकानात सापडले. तिथल्या गिऱ्हाइकांना ते "लाइन बिझी आहे, थांबा," असं सांगत होते, आणि गिऱ्हाइकं थांबलीही होती. दुसऱ्यांदा चार तासांनी बस डेपोत सापडले, तेव्हा एका पायात चप्पल नव्हती आणि त्या पायातून रक्त येत होतं. त्या दिवशी ताई आली ती फॉर्म घेऊनच. ताई मुख्याध्यापिका आहे. ती कुठेही जाताना एखादा फॉर्म जवळ ठेवते. शहराबाहेर अशा रुग्णांसाठी एक संस्था आहे, तिथला तो प्रवेशअर्ज होता.

"आणखी एकदा बाबा बाहेर सापडले, की यावर सही," ताई म्हणाली. "तुझी बायको सकाळी सातला लॅबमध्ये जाते, ती येते दीडला. तू जातोस दहाला. दहा ते दीड बाबा कुणाच्या भरवशावर?"

"समोरच्या काकू डोकावतात ना अधूनमधून. किल्ली दिलीय त्यांना."

"काकूंना स्वतःचा चष्मा सापडत नाही."

मी फॉर्म टीव्हीखालच्या खणात ठेवला. मी स्वतः जन्म-मृत्यू नोंदणी कार्यालयात कारकून आहे. दुरुस्तीची खिडकी माझ्याकडे. लोकांच्या दाखल्यांतल्या चुका सुधारून द्यायच्या, हे माझं काम. त्यामुळे अनुभवाने एक सांगतो, कोरा फॉर्म घरात राहिला की तो आज ना उद्या भरला जातोच. बाबा घरातच राहायला हवेत, एवढं एकच माझ्या डोक्यात होतं. म्हणून घाईघाईने मी ती डबी आणली.

डबी पांढरी, हाताच्या पंजाएवढी. ती दाराशेजारी खिळ्याला अडकवायची. दाराच्या चौकटीला एक चिमुकला सेन्सर. दार उघडलं की डबी आपल्या आवाजात बोलणार आणि माझ्या मोबाइलवर टिंग वाजणार. शिवाय मला ऑफिसात बसून डबीतून बाबांशी बोलताही येणार. ती बसवायला आलेला कंपनीचा माणूस पन्नाशीचा, शांत, भिंतीला भोक पाडतानासुद्धा हळू आवाजात बोलणारा.

"सात सेकंदांत बसेल असं बोला," तो म्हणाला. "रोज निघताना जे म्हणता, तेच म्हणा. पेशंटच्या कानाला त्याची सवय असते."

मी घसा खाकरला. "बाबा, मी ऑफिसला जातो..."

"जातो काय?" बायको आतून ओरडली. "शुभ बोला जरा!"

जाणाऱ्याने 'जातो' म्हणू नये, 'येतो' म्हणावं, हे सगळ्याच घरांत सांगतात. आमच्याकडे ते जरा जास्तच कडक होतं. लहानपणी माझ्या तोंडून 'जातो' निसटलं, की बाबा फाटकातून परत बोलवायचे, पाच मिनिटं खुर्चीवर बसवायचे आणि 'येतो' म्हणवून मगच सोडायचे. त्यापायी एकदा माझा सहामाहीचा गणिताचा पेपर अर्धा बुडाला होता. (उरलेला अर्धा गणिताने बुडवला.) "'जातो' म्हटलं की लाइन तुटते," बाबा सांगायचे. "'येतो' म्हटलं की चालू राहते."

तर अकरा टेक झाले. अकरावा मला पसंत पडला. प्रेमळ, भरदार, जीभ अजिबात बधिर नसलेला. "बाबा, येतो हं मी! दार लावून घ्या." मोजून सात शब्द. त्यात खोट काढायला जागा नव्हती. बायकोलासुद्धा सापडली नाही, यावरून काय ते समजा.

दुसऱ्या दिवशी साडेदहाला ऑफिसात पहिली टिंग वाजली. 'दार उघडले.' लगेच दुसरी. 'दार बंद झाले.' मी खूश. विज्ञानावरचा माझा विश्वास दुणावला. मग पुन्हा टिंग. पुन्हा टिंग. अकरापर्यंत दार सत्तावीस वेळा उघडून सत्तावीस वेळा बंद झालं होतं. शेजारच्या टेबलावरच्या आवक-जावक कारकुनाने मान वर न करता विचारलं, "काय हो, आइस्क्रीमची गाडी घेतलीत का?"

मी फोन कानाला लावून डबीत बोलायला लागलो. त्या वेळी माझ्या खिडकीसमोर एक वयस्कर गृहस्थ उभे होते. त्यांच्या दाखल्यावर कुणीतरी 'पुरुष'च्या जागी 'स्त्री' छापलं होतं, आणि त्यासाठी ते तिसऱ्यांदा खेटे घालत होते.

"बाबा, आत जा," मी फोनमध्ये म्हणालो.

"आत?" खिडकीपलीकडचे गृहस्थ म्हणाले.

"आत जाऊन खुर्चीवर स्वस्थ बसा. कुणी काही म्हणालं तरी उठू नका."

"बरं," ते म्हणाले आणि बाजूच्या दाराने आत गेले. तिसऱ्या खेपेला ऑफिसचा माणूस आपण होऊन बसा म्हणतोय म्हटल्यावर कोण शंका काढेल? आमच्या साहेबांची केबिन रिकामी होती. गृहस्थ त्यांच्या खुर्चीत बसले.

मला याचा पत्ता नाही. माझ्या कानात बाबांचा आवाज येत होता. "हॅलो, कोण बोलतंय?"

"मी, बाबा."

"अरे, एक्स्टेंशन! येतोयस ना?"

"हो, येतो. संध्याकाळी येतो. तुम्ही दार लावा."

"येतोयस तर दार कशाला लावू?"

मी आजवर शेकडो अर्ज फेटाळले आहेत, पण हा फेटाळता येईना. आणि तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. दार उघडलं की डबीतला मी म्हणत होतो, 'येतो हं मी!' आणि बाबा त्या शब्दाचा खराखुरा अर्थ घेत होते. मुलगा दार लावून घ्या म्हणतोय, म्हणून लावायचं. मुलगा येतोय म्हणतोय, म्हणून उघडून बघायचं. उघडलं की पुन्हा तोच, येतो हं मी! हा शब्द मला ज्यांनी खुर्चीवर बसवून शिकवला, त्यांच्याच डोक्यातून त्यातली गोम तेवढी निसटली होती. (आमच्या ऑफिसात आवक आणि जावक यांची रजिस्टरं वेगवेगळी असतात. भाषेत ती सोय नाही.)

तेवढ्यात समोरच्या काकूंचा फोन आला.

"आहेस कुठे तू?"

"ऑफिसात, काकू."

"खोटं बोलू नकोस! आवाज येतोय तुझा. बाबा बिचारे जिन्यात खुर्ची टाकून बसलेत, दार मिनिटामिनिटाला उघडून आत बघतायत, आणि तू आत लपून येतो येतो करतोयस? मी बाथरूमसुद्धा बघितलं."

"काकू, ती डबी आहे. मी डबीत आहे."

"डबीत काय करतोयस तू?"

मी समजावून सांगितलं. काकूंना कितपत कळलं, देव जाणे. मग त्या जरा हळू आवाजात म्हणाल्या, "दुसरीही खुर्ची ठेवलीय रे त्यांनी. तुझ्यासाठी. रुमालाने पुसून." एरवी मला हसू आलं असतं. ते आलं नाही. काकूंनी बाबांना हाताला धरून आत नेलं आणि दार ओढून घेतलं.

मी कंपनीच्या माणसाला फोन लावला. तो नेहमीच्या शांतपणे म्हणाला, "साहेब, दोन अर्थ निघतील असा मेसेज नको. पेशंटला स्पष्ट सांगायचं. ॲपमधून आत्ताच दुरुस्त करा."

दुरुस्ती म्हटल्यावर मला कोण अडवणार? तिकडे केबिनमधून साहेबांचा आवाज येत होता, "तुम्ही माझ्या खुर्चीत?" आणि त्यावर गृहस्थांचा, "उठू नका म्हणून सांगितलंय मला." मी रेकॉर्ड रूममध्ये पळालो. मृत्यूच्या रजिस्टरांच्या दोन कपाटांच्या मध्ये उभं राहून, घाईघाईने, एकाच टेकमध्ये नवा मेसेज भरला. "बाबा, मी येत नाही. वाट बघू नका. दार लावून घ्या."

एक टिंग झाली, दार उघडलं. त्यानंतर शांतता. दहा मिनिटं गेली, वीस गेली. मी स्वतःवर इतका खूश झालो, की त्या गृहस्थांना त्याच दिवशी स्त्रीचे पुरुष करून, वर साहेबांची सही घेऊन दिली. कार्यालयाच्या इतिहासात असं कधी झालेलं नाही.

सव्वाबाराला मोबाइलवर अक्षरं उमटली. 'डबी संपर्काबाहेर आहे.' आणि पाठोपाठ काकू. "बाबा घरात नाहीत रे. दार सताड उघडं आहे. आणि ती तुझी डबीपण नाही खिळ्यावर."

साहेबांना काय सांगून निघालो, ते आठवत नाही. झेरॉक्सच्या दुकानात पाहिलं, बस डेपोत पाहिलं. प्रत्येक म्हाताऱ्या माणसाच्या पायांकडे बघत होतो, चपला आहेत का म्हणून. बायको लॅबमधून अर्ध्यावर निघून आली, ती दुसऱ्या बाजूने शोधत होती. दीडच्या सुमारास, घरापासून तीन रस्ते सोडून असलेल्या एका मोबाइल रिपेअरिंगच्या टपरीवजा दुकानात बाबा सापडले. स्टुलावर ताठ बसले होते, डबी दोन्ही हातांनी पोटाशी धरून.

"बोला," दुकानदार मला म्हणाला.

"रांगेत या," बाबा मागे वळून मला म्हणाले. "आधी माझं काम आहे."

मी रांगेत उभा राहिलो. खरंच राहिलो. ते सापडले, एवढंच मनात घोळत होतं.

"काका म्हणतायत, यात त्यांचा मुलगा बोलतो आणि त्याची लाइन बिघडलीय," दुकानदार मला म्हणाला. "मला तर हे ठणठणीत दिसतंय. बटण दाबलं की बोलतंय." त्याने दाबून दाखवलं. डबीतला मी खणखणीत म्हणालो, "बाबा, मी येत नाही. वाट बघू नका."

बाबांनी मान हलवली. "ऐकलंत? क्रॉस कनेक्शन आहे. सकाळी चांगला येतो येतो म्हणत होता. आवाज त्याचाच आहे, पण हे तो बोलत नाही. माझा मुलगा असं बोलणार नाही. आमच्या घरात असं बोलतच नाहीत."

चौतीस वर्षांचा कान होता तो. आवाज माझा आणि शब्द माझे नव्हेत, हे त्यांना बरोबर कळलं होतं. आणि मला दुरुस्त करून आणायला ते भर उन्हात तीन रस्ते चालत आले होते. मला रडू फुटलं. ते मी नाक शिंकरण्यावर निभावून नेलं.

"बाबा," मी म्हणालो, "मी आलोय."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग डबीकडे. मग पुन्हा माझ्याकडे. कालपर्यंत एवढ्यावर ते 'रे' म्हणाले असते. आज त्यांनी डबी कानाला लावली, हलकेच थोपटली आणि मला म्हणाले, "तुम्ही जरा गप्प बसता का? तुमच्यामुळे त्याचं ऐकू येत नाही."

त्यांच्याकडे माझं जे एकच उरलं होतं, ते मी स्वतःच्या हौसेने त्या डबीत भरून टाकलं होतं. अकरा टेक घेऊन.

संध्याकाळी पाचला ताई आली. आरडाओरडा करेल असं वाटलं होतं. तिने नुसता टीव्हीखालचा खण उघडला आणि फॉर्म टेबलावर ठेवला. अक्षर माझं चांगलं, म्हणून भरायला मीच बसलो. बायकोने बटणं दाबून दाबून बंद पडलेली डबी स्वयंपाकघरात चार्जिंगला लावली. बाबा माझ्यासमोर बसून चहा घेत होते. नाव, वय, आजार, औषधं, भराभर लिहून झालं. मग एक रकाना आला. 'रुग्ण कुणाला ओळखतो? नाते लिहा.'

"काय लिहू?" मी विचारलं.

ताईने रकाना वाचला. मग म्हणाली, "ते तुला ओळखत असते ना, तर हा कागद मी माझ्या हाताने फाडला असता. निभावलं असतं कसंही. पण आता तू घरात असलास काय आणि नसलास काय."

बाबा माझ्या अक्षराकडे कौतुकाने बघत होते. "छान लिहिता हो तुम्ही," ते म्हणाले. "वडील आहेत का तुम्हाला?"

"आहेत."

"फोन करता का त्यांना?"

"आज केला होता."

"काय म्हणालात?"

खोटं बोलायची सोय होती. पण दिवसभरात इतकं काही खोटं बोलून झालं होतं, की आणखी जमेना. "म्हणालो, येत नाही."

बाबांनी कप खाली ठेवला. ताईकडे वळून ते अगदी आर्जवाने म्हणाले, "बाई, यांना आधी घरी जाऊ द्या. यांचे वडील तिकडे दार उघडं टाकून बसले असतील. फॉर्म काय, उद्याही भरता येतो."

मी उठलो. मला काय झालं कुणास ठाऊक, मी चपला घातल्या आणि घराबाहेर पडलो. जिन्यात अर्धा मजला खाली जाऊन उभा राहिलो. डोक्यात एकच होतं. ते कुणाची तरी वाट बघतायत ना? मग बेल वाजवून, आलो बाबा, म्हणत रीतसर घरी यायचं. बाहेरून येणारा मुलगा बघितला, तर ओळखतीलही. नाही कशावरून? बायकोच्याही ते लक्षात आलं असावं. मी जिन्यात होतो तेवढ्यात तिने डबी चार्जरवरून काढून चालू केली आणि खिळ्याला अडकवली. मी आत पाऊल टाकताना डबी 'येतो हं' म्हणेल, म्हणजे बाबांना बरं वाटेल, असा तिचा हिशेब. मेसेज मी अजून परत बदललेला नाही, हे तिला कुठे ठाऊक?

मी वर आलो आणि बेल दाबली. आतून बाबांच्या सपातांचा आवाज जवळ आला. त्यांनी स्वतः दार उघडलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी कित्येक महिन्यांत पाहिलं नव्हतं. मी बोलायला तोंड उघडलं.

माझ्याआधी डबीतला मी बोललो. "बाबा, मी येत नाही. वाट बघू नका. दार लावून घ्या."

बाबांचा चेहरा उतरला. त्यांनी एकदा डबीकडे पाहिलं आणि मग मला समजुतीच्या सुरात म्हणाले, "ऐकलंत ना? तो येत नाहीये. तुम्ही तरी किती वेळ उभे राहणार?"

आणि दिवसभर मी घसा फोडून त्यांना जे सांगत होतो, ते त्यांनी अखेर ऐकलं. दार नीट लावून घेतलं. वर आतून कडीही घातली.